डोक्याएवढं रान

भारंगीची भाजी खाल्लेली माणसं ठाणे-रायगडात पुष्कळ भेटतील. भारंगी फुलावर आलेली पाहिलेली त्या मानाने थोडी. पाऊस सुरू झाला की पाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकर बायका कोवळ्या पानांच्या जुड्या घेऊन बाजारात, स्टेशनांच्या बाहेर बसतात. शेवळं, टाकळा, फोडशी, दिंडा आणि त्यांच्या शेजारी भारंगी. कडवटपणा जावा म्हणून पानं उकडून पिळून घ्यायची आणि भिजवलेले वाल घालून परतायची. महिना-दीड महिन्यात पानं जून होतात, जुड्या बाजारातून नाहीशा होतात. डोंगरावर जी खुडायची राहिली ती भारंगी मात्र वाढत सुटते.

ऑगस्टात ती माणसाच्या छातीला लागते. मोकळी जागा मिळाली तर डोक्याच्याही वर जाते. मग दांड्याच्या शेंड्याला फुलांचा उभा तुरा येतो. फूल फिकट निळं, त्याची खालची एक पाकळी गडद जांभळी आणि आतून लांब बाहेर आलेले, कमानीसारखे वाकलेले पुंकेसर. मोठा काळा भुंगा त्या गडद पाकळीवर उतरला की फूल त्याच्या वजनाने झुकतं, कमान त्याच्या पाठीला टेकते आणि पाठीवर पराग घेऊन तो पुढच्या फुलाकडे जातो. भारंगीचे दांडे दर पावसाळ्यात नव्याने उभे राहतात. जमिनीखालचं मूळखोड मात्र लाकडासारखं टणक आणि वर्षानुवर्षं जगणारं. वैद्य त्याला भारंगमूळ म्हणतात आणि खोकल्या-दम्याच्या काढ्यात घालतात.

अशा झाडांना मराठीत एक नेमकं नाव नाही. झाड म्हणावं तर खोड नाही, वेल म्हणावी तर ती स्वतःच्या पायावर उभी, आणि रोप म्हणावं तर उंची माणसाएवढी. बहुवर्षायू वनस्पती हा पाठ्यपुस्तकातला शब्द झाला. बोलण्यात मात्र ही सगळी मंडळी ‘रान’ या एका शब्दात जातात. ‘रान माजलंय, काढून टाका’ असं म्हटलं जातं तेव्हा त्या रानात भारंगी असते, पेव असते, कळलावी असते, रानभेंडी असते. आणि त्यांच्यावर जगणारे भुंगे, मधमाश्या, फुलपाखरं आणि चिमुकले पक्षीही असतात.

नवी मुंबईतल्या रबाळ्याला हे रान किती जवळ आहे, ते नकाशा पाहिला की कळतं. पूर्वेला पारसिकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी एमआयडीसीचे कारखाने, मग ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे, त्यापलीकडे गावठाण आणि सिडकोच्या वसाहती, आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. डोंगरापासून तिवरांपर्यंतचं हे सगळं अंतर चार-पाच किलोमीटरांचं. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि सिडकोची १९७० ची. त्याआधी इथे डोंगरउतार, भातखाचरं, मिठागरं आणि खाजण असा सलग पट्टा होता. आता दोन टोकांना रान आहे आणि मधल्या पट्ट्यात काँक्रीट. खाडीच्या टोकाला तरी मान मिळाला. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला. डोंगराच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षं दगडखाणी आल्या, आणि उन्हाळ्यात वणवे.

मधमाशीच्या दृष्टीने हा मधला पट्टा मोठा आहे. सातेरी मधमाशी पोळ्यापासून साधारण किलोमीटर-दोन किलोमीटरांच्या टापूत चारा शोधते. पोया, म्हणजे नांगी नसलेली इवलीशी काळी मधमाशी, तर काहीशे मीटरच जाते. डोंगराच्या पायथ्याशी भिंतीच्या भेगेत घर केलेल्या पोयांना खाडीकाठचं फूल काहीच कामाचं नाही. त्यांना शंभर-दोनशे पावलांवर काहीतरी फुललेलं हवं, आणि तेही वर्षाचे बारा महिने. गावठाणातल्या एखाद्या परसात मांडवावर चढवलेल्या काकडी, शिराळी, दुधीची फळधारणाही याच धडपडीवर ठरते. या वेलींवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. पराग कोणीतरी उचलून नेल्याशिवाय फळ धरत नाही.

आता उंचीची गोष्ट. कोकणच्या पावसात उघड्या जमिनीवर गवत कमरेएवढं वाढतं. त्यात वीतभर उंचीचं फूल किड्यांना दिसणार कसं? त्यामुळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणाऱ्या कितीतरी वनस्पती गवताच्या वर डोकं काढतात, किंवा कळलावीसारख्या दुसऱ्याच्या आधाराने वर चढतात. या उंचीचा फायदा पुढे इतरांनाही होतो. राखी वटवट्या अशाच दाट वाढीत, जमिनीपासून हात-दीड हातावर पानं शिवून घरटं करतो. चतुर शेंड्यावर बसून शिकार टिपतात. कोळ्यांची जाळी दोन दांड्यांच्या मधे ताणली जातात. वीतभर कापलेल्या हिरवळीवर यातलं काहीच होऊ शकत नाही. उद्यानाचं सौंदर्य म्हणून आपण जी गुळगुळीत हिरवळ पाणी घालून पोसतो, ती फुलपाखराच्या लेखी जवळजवळ वाळवंटच आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. युरोप-अमेरिकेत बहुवर्षायू फुलझाडं हिवाळ्यात मरगळतात, बर्फाखाली झोपतात आणि वसंतात उठतात. बागकामाची बहुतेक पुस्तकं त्याच हिशेबाने लिहिलेली असतात. आपल्याकडची ही मंडळी झोपतात ती उन्हाळ्यात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात, मार्चपर्यंत वर काहीच उरत नाही, आणि मातीखाली कंद, गड्डा किंवा मूळखोड पावसाची वाट पाहत राहतं. वणवा वरून निघून गेला तरी खालचा कंद बहुधा वाचतो. पण एप्रिलमध्ये ‘मेलेलं’ झाड म्हणून कुंडी रिकामी करणाऱ्या हातांपासून त्याला वाचता येत नाही. रानफुलं लावणाऱ्या हौशी माणसांचं सर्वांत मोठं नुकसान याच एका गैरसमजाने होतं.

कळलावीचंच पाहा. जूनमध्ये जमिनीतून भाल्यासारखा कोंब येतो. पानांची टोकं लांब होऊन तणाव्यासारखी वळतात आणि जे सापडेल त्याला धरून ती चढते, कुंपणाची जाळी असो की करवंदीची जाळी. फूल उमलताना हिरवट-पिवळं, मग खाली पिवळं आणि वर लाल, आणि शेवटी पूर्ण लालभडक. पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर पसरलेले आणि स्त्रीकेसर तर काटकोनात बाजूला वळलेला. हा अवघड आकार उगाच नाही. मोठं फुलपाखरू मधासाठी फुलाच्या बुडाशी तोंड घालतं तेव्हा त्याचे फडफडणारे पंख बाहेरच्या परागकोशांना घासतात. दक्षिण आफ्रिकेत कळलावीच्या फुलांवर झालेल्या अभ्यासात फुलपाखरांच्या पंखांवरूनच पराग जातो, असं दिसून आलं.

घराजवळ कळलावी लावली की भांडणं लागतात, असा समज गावोगाव आहे. नावाचा दुसरा उलगडा जुन्या सुईणींच्या औषधात सापडतो. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरला जाई. समज बाजूला ठेवला तरी जपून राहायला हवं ते तिच्या विषाला. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे जहाल विष असतं. त्यामुळे लहान मुलं किंवा गुरं जिथे वावरतात तिथे ती लावूच नये. लावायची तर कारखान्याच्या मागच्या कुंपणावर, जिथे कोणाचा हात जाणार नाही अशा ठिकाणी. कंद इंग्रजी ‘व्ही’सारखा दुबेळका असतो आणि डोळा फक्त टोकाला असतो. ते टोक मोडलं की कंद वाया गेला. म्हणून तो आडवा ठेवून, हलक्या हाताने पुरतात. बियांपासूनही रोपं होतात, पण फुलायला तीन-चार वर्षं धीर धरावा लागतो.

पेव त्या मानाने सोशीक. ओहोळाच्या काठी, अर्धवट सावलीत, ओल धरून ठेवणाऱ्या मातीत तिचे ठोंबच्या ठोंब वाढतात. खोड जरा पीळ घेत वर जातं आणि पानं त्याच्याभोवती चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. शेंड्याला लालसर कणीस आणि त्यातून एकेक दिवस उमलणारी, चुरगळलेल्या मलमलीसारखी पांढरी फुलं. घशात पिवळा ठिपका. भुंगा त्यात पार आत शिरतो आणि पाठ भरून बाहेर येतो. पुढे लाल फळं येतात. त्यांतल्या काळ्या बियांवर पांढरा गर असतो आणि तो पक्ष्यांना आवडतो. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार या झाडाचा नाही, धान्य साठवायच्या जमिनीतल्या पेवाचा आहे. पण पेवेचा एक गड्डा लावून चार पावसाळे गेले की तो वाक्प्रचार या झाडालाही चालेल असं वाटायला लागतं. खोडाचे तुकडे ओल्या मातीत आडवे ठेवले तरी पेरांतून रोपं फुटतात.

फुलांतला मध हा फक्त अर्धा संसार. फुलपाखराला अंडी घालायला जागा लागते, आणि तिथे त्याची आवड फार काटेकोर असते. कमांडर नावाचं तपकिरी-पांढरं फुलपाखरू भूतकेसाच्या पानांवर अंडी घालतं. भूतकेस म्हणजेच शेरवड. तिची फुलं लहान, केशरी-पिवळी. पण फुलाचं एक निदल पानाएवढं मोठं आणि पांढरंशुभ्र होतं. भर पावसाळ्यात हिरव्या उतारावर कागदाचे तुकडे अडकल्यासारखं दिसतं ते हेच. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही काळी-लाल फुलपाखरं ईश्वरीशिवाय, म्हणजे सापसनीच्या वेलीशिवाय, आपला वंश वाढवू शकत नाहीत. ईश्वरीत विष असतं. अळी ते अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखराच्या वाटेला पक्षी जात नाहीत. कॉमन मॉर्मन या बिनविषारी फुलपाखराच्या काही माद्या तर हुबेहूब रोझसारखा वेश घेऊन त्याच धाकावर जगतात. घासगवतासारखी सहज कापली जाणारी रानहळद हे ग्रास डेमन या लहानशा काळ्या-पांढऱ्या फुलपाखराच्या अळीचं अन्न.

रुईचं उदाहरण तर सातासमुद्रापलीकडे जातं. उत्तर अमेरिकेतल्या माळरानांवर मिल्कवीड नावाची, दुधी चिकाची बहुवर्षायू झाडं होती. शेतीत तणनाशकं आली, ती झाडं हटली आणि हजारो किलोमीटर स्थलांतर करणाऱ्या मोनार्क फुलपाखरांची संख्या घसरली. आता तिथे लोक घराच्या अंगणात, शाळेच्या आवारात हौसेने मिल्कवीड लावतात. आपली रुई त्याच कुळातली, आणि तिच्यावर वाढणारं केशरी प्लेन टायगर हे मोनार्कचं सख्खं भावंड म्हणावं इतकं जवळचं. रेल्वेच्या कडेला, भरावाच्या मुरमात, जिथे दुसरं काही धरत नाही तिथे रुई उभी असते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घातली जाते. पण तीच रुई एखाद्या इमारतीच्या आवारात उगवली तर तण म्हणून उपटली जाते. तिच्या मेणचट फुलांवर भुंगे उन्हाळ्यातही येतात, आणि उन्हाळ्यात फुलणाऱ्या प्रत्येक झाडाचं मोल दुप्पट धरायला हवं.

खुळखुळ्याची गंमत वेगळीच. वाळलेल्या शेंगा हलवल्या की आत बिया खुळखुळतात, म्हणून हे नाव. ऑक्टोबरमध्ये त्याच्या वाळक्या किंवा किड्यांनी कुरतडलेल्या फांद्यांवर ब्लू टायगर, प्लेन टायगर आणि कॉमन क्रो या फुलपाखरांचे घोळके बसलेले दिसतात. त्यांत नरच जास्त. त्यांना मध नको असतो. झाडातली विशिष्ट अल्कलॉइडं ते सोंडेने ओढून घेतात आणि त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. म्हणजे फूल गळून गेलेलं, पान वाळलेलं झाडसुद्धा उपयोगी. माळ्याने तोपर्यंत ते कापलेलं नसावं, एवढीच अट.

रंगीत फुलं म्हणजे फुलपाखरांची सोय, असा हिशेब करून कॉसमॉसच्या बिया फेकण्याची टूम अलीकडे निघाली आहे. पिवळा-केशरी कॉसमॉस मेक्सिकोचा. पावसाळ्याच्या शेवटी तो फुलतो तेव्हा छायाचित्रं छान येतात, मधमाश्याही बसतात. पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना त्याचं पान खाता येत नाही, आणि एकदा उतारावर पसरला की तो सोनकी, तेरडा, कवळा यांची जागा घेतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर हे घडलेलं आहे. घाणेरी आणि रानमोडी यांनी तर ते फार पूर्वीच करून दाखवलं. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. घाणेरीवर फुलपाखरं दिसतात हे खरं. पण त्यांची पोरं तिथे वाढत नाहीत. चहाच्या टपरीवर गर्दी दिसली म्हणून ती वस्ती होत नाही.

दिवाळी गेली की डोंगर पिवळा पडतो आणि फुलं संपली असं वाटतं. सावलीतल्या दसमुळीला मात्र त्याच सुमारास बहर येतो. कंबरेएवढी झुडपं, निळी-जांभळी फुलं, जुनी होताना लालसर होणारी. काटेकोरांटी पिवळ्या फुलांनी भरते. तिच्या पानांवर लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. अडुळसा पांढऱ्या फुलांचे तुरे उभारतो. अडुळसा आणि कोरांटी पावसाळ्यात फांदी खोचली तरी लागतात, पाणी फारसं मागत नाहीत आणि गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. कोणाला एका शनिवार-रविवारात सुरुवात करायची असेल तर या दोहोंइतकं सोपं दुसरं काही नाही.

हे सगळं प्रत्यक्षात जमतं का? जमतं, आणि त्याची उदाहरणं खाडीच्या पलीकडेच आहेत. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीतल्या सुमारे दोन एकरांवर फुलपाखरांचं उद्यान केलं. पेशाने शिक्षक असलेल्या ओवळेकरांनी फुलपाखरं कुठून आणली नाहीत. मधाची झाडं लावली, अळ्यांची झाडं लावली आणि उरलेलं राहू दिलं. ओवळेकर वाडीत शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं नोंदली गेली. तिथे गेल्यावर आधी नजरेत भरतं ते हे की ती बाग नीटनेटकी नाही. पानं कुरतडलेली आहेत. ती कुरतडलेली असणं हीच तिथली कमाई आहे.

गोरेगावला मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ ची. संस्थेत अनेक वर्षं काम केलेले, नवी मुंबईकर आयझॅक किहीमकर यांनी आधी भारतीय रानफुलांवर आणि मग, २००८ मध्ये, भारतीय फुलपाखरांवर पुस्तक लिहिलं. हा क्रमही बोलका आहे. झाड ओळखता आलं की फुलपाखरू कुठे शोधायचं ते कळतं. आणि भरावाच्या जमिनीचं कारण सांगणाऱ्यांसाठी माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ मध्ये खुलं झालेलं हे ३७ एकरांचं हिरवं आवार एकेकाळच्या कचराभूमीवर उभं आहे. रबाळ्यापासून दोन स्टेशनांवर, कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यानही जुन्या कचराभूमीवरच झालेलं आहे.

रबाळ्यात जागा शोधायला गेलं तर ती सापडते. एमआयडीसीच्या भूखंडांना कुंपणालगत सोडलेली मोकळी जागा असते. डोंगरातून उतरून खाडीला मिळणाऱ्या नाल्यांचे काठ असतात. आणि उच्चदाब वाहिन्यांच्या खालचा पट्टा असतो. तारांखाली मोठी झाडं चालत नाहीत, म्हणून तो मोकळा ठेवला जातो; काही ठिकाणी तिथे रोपवाटिका चालतात. दोन मीटरांपर्यंतच वाढणाऱ्या आणि दर वर्षी आपोआप खाली बसणाऱ्या वनस्पतींना याहून योग्य जागा मिळणार नाही. परवानगी ज्याची त्याने घ्यावी लागते, तेवढं मात्र टाळता येत नाही.

लावायची वेळ जूनचा दुसरा पंधरवडा, दोन-चार चांगले पाऊस पडून माती खोलवर भिजल्यावर. मुरमाचा निचरा होणारा उतार भारंगीला, रानभेंडीला आणि कुंपण असेल तर कळलावीला. पाणी रेंगाळतं तो कोपरा पेवेला. भिंतीची सावली दसमुळीला. एक-एक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सात रोपं एकत्र लावावीत. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. तिला दिसेल असा रंगाचा ठिपका हवा. पहिल्या वर्षी फार फुलं येत नाहीत, कारण झाड तेव्हा जमिनीखाली घर बांधत असतं. खत जवळजवळ लागतच नाही. भरपूर खत दिलं तर दांडे लुसलुशीत होतात आणि ऑगस्टच्या वाऱ्यात लोळतात.

रोपं डोंगरातून उपटून आणू नयेत. भारंगमूळ, कळलावीचा कंद आणि सफेद मुसळी यांची औषधांसाठी इतकी खणणी झाली आहे की आणखी एका हौशी कुदळीची त्यांना गरज नाही. (सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, ही मुंबईकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट.) मूठभर बिया किंवा एखादी फांदी पुरते. भाजी विकणाऱ्या बायकांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं तर भारंगीची जून फांदी त्या आणून देतात. त्यांच्याइतकी ही झाडं ओळखणारं दुसरं कोणी शहरात येत नाही. ओळख पटवून घ्यायलाही त्यांच्याकडेच जावं.

गृहसंकुलांत पहिली हरकत निघते ती सापांची आणि दुसरी डासांची. दोन्ही रास्त आहेत, झटकून टाकण्यासारख्या नाहीत. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, पानांत नाही. भारंगीच्या मुळाशी पडलेली करवंटी उचलली की तो प्रश्न बराचसा सुटतो. उलट संध्याकाळच्या धूरफवारणीने डासांबरोबर मधमाश्या आणि पतंगही मरतात. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर येतात ते कचऱ्यामागे. तरीही दाट वाढ खिडक्यांपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर ठेवावी आणि वाटेच्या कडेने दोन-तीन हातांचा पट्टा कायम कापलेला असावा. त्या पट्ट्याने माणसाला पाऊल टाकायची जागा दिसते. शिवाय बघणाऱ्याला कळतं की हे दुर्लक्ष नाही, कोणीतरी हे राखलेलं आहे. जातीची नावं लिहिलेली एक पाटी लावली तर तक्रारी निम्म्या होतात आणि चौकश्या सुरू होतात.

मुख्य मुद्दा कापण्याच्या वेळेचा. शहरात गवत काढण्याची मोठी फेरी बहुधा पावसाळा संपता संपता, सणांच्या आधी निघते. यंत्र दिवसभर घरघरतं आणि संध्याकाळी सगळं सपाट होतं. नेमक्या याच दिवसांत भारंगीच्या बिया पिकत असतात, रानभेंडी फुलावर असते, भूतकेसावर कमांडरचे कोष लटकत असतात आणि मुनियांचे थवे गवताच्या कणसांवर उतरत असतात. तीच फेरी डिसेंबरच्या शेवटाला ढकलली तर एक पैशाचाही जादा खर्च न येता बियांची पुढची पिढी जमिनीवर पडते. त्यानंतर मात्र कापायलाच हवं. कोरडं रान उन्हाळ्यात पेटतं, आणि कारखान्यांच्या शेजारी तो धोका पत्करता येत नाही.

कापताना दांडे मुळासकट छाटू नयेत. गुडघ्याएवढे, वीत-दीड वीत तरी, खुंट ठेवावेत. सिरॅटिना नावाच्या लहानशा मधमाश्या वाळलेल्या, भेंडासारखा गाभा असलेल्या दांड्यांत पोकळी करून अंडी घालतात. कापलेलं टोक हे त्यांचं दार. नेदरलँड्सचे उद्यानकार पीट आउडोल्फ यांनी वाळलेले तुरे हिवाळाभर उभे ठेवायची पद्धत जगभर नेली. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर, २००९ मध्ये खुल्या झालेल्या जुन्या रेल्वेपुलावरच्या बागेत, ती पाहायला लोक तिकडे जातात. रबाळ्याच्या रेल्वेलगतच्या वाळक्या कुरडूत हेच सौंदर्य डिसेंबरात दिसतं.

कारवी या यादीत मुद्दामच शेवटी. दोन-अडीच मीटर उंचीची, सात-आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलणारी आणि बी धरून मरून जाणारी ही झुडपं म्हणजे सह्याद्रीचा मधाचा मोठा साठा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर फुलली होती. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आदिवासी घरांना अजूनही असतात. पण कारवी अंगणात लावायची गोष्ट नाही. तिला उतार लागतो, शेकड्यांनी सोबत लागते आणि आठ वर्षं कोणी हात न लावता राहू द्यावं लागतं. ते काम डोंगराचंच आहे, आणि माणसाने तिथे वणवा तेवढा लागू देऊ नये.

मार्चमध्ये डोंगर तांबूस-करडा होतो. भारंगीचे खुंट, पेवेचे वाळलेले ठोंब, जमिनीखाली निजलेला कळलावीचा कंद. त्याच दिवसांत पाच किलोमीटरांवर, खाडीच्या चिखलात, तिवरांच्या कडेने मारांडी फुलायला लागते. हीसुद्धा बहुवर्षायूच, कंबर-छातीएवढी, हॉलीसारख्या काटेरी पानांची, निळ्या फुलांची. तिच्या फुलाला वरचा ओठ नसतो. पुंकेसरांचा घट्ट जुडगा मधाच्या वाटेत उभा असतो आणि तो बाजूला सारायला ताकद लागते. सातेरीला ते जड जातं. काळा भुंगा खांदा लावतो आणि आत शिरतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या आसपास, भरती ओसरलेल्या सकाळी, हे पाहायला मिळतं. मारांडीचा बहर सरत आला की मे उजाडतो, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर डोंगराच्या पायथ्याशी पालापाचोळ्यातून शेवळ्याचे कोंब वर येतात.